कडधान्यांच्या मुळांवरील गाठी : जमिनीखालचा करार

भाताची कापणी आटोपली की गोव्यातील अनेक शेतांत उरलेल्या ओलाव्यावर अळसांदे पेरले जातात. चवळीच्या या गोमंतकीय प्रकाराचे रोप फुलोऱ्यावर असताना मातीसह हलक्या हाताने खणून काढले, तर मुळांवर मोहरीएवढ्या ते मटाराएवढ्या गोल गाठी दिसतात. त्या रोगाच्या नसतात. मूळ आणि मातीतील जिवाणू यांनी मिळून घडविलेले ते एक स्वतंत्र इंद्रियच होय. ‘कडधान्य घेतले की जमीन आपोआप सुपीक होते’ हा लोकप्रिय समज या गाठींवरच आधारलेला आहे. तो खोटा नाही. परंतु अर्धाच खरा आहे.

शोधाचा इतिहास

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, म्हणजेच नत्र असते. पण त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने इतके घट्ट जोडलेले असतात, की कोणतीही वनस्पती तो थेट वापरू शकत नाही. मग वाटाणा खताविना कसा वाढतो? जर्मन शास्त्रज्ञ हेरमान हेलरीगेल आणि हेरमान विल्फार्थ यांनी वाळूच्या कुंड्यांत ओट व वाटाणा वाढवून या प्रश्नाचा छडा लावला. ओटची वाढ नत्रखताच्या प्रमाणात होई. वाटाण्याला मात्र तसे बंधन नव्हते. वाळू निर्जंतुक केली की वाटाणाही उपाशी राही आणि शेतातील मातीचा अर्क घालताच सावरे. हे निष्कर्ष हेलरीगेल यांनी १८८६ मध्ये मांडले. १८८८ मध्ये डच शास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक यांनी गाठींतील जिवाणू वेगळे करून वाढविले. पुढे या जिवाणूंना ‘रायझोबियम’, म्हणजे मुळात राहणारा जीव, हे नाव रूढ झाले.

गाठ कशी तयार होते?

आरंभ मुळाकडून होतो. नत्राची उणीव असलेले रोप मुळांवाटे फ्लेव्होनॉइड वर्गातील रसायने मातीत सोडते. ती ओळखणारे जिवाणू उत्तरादाखल शर्करांची छोटी साखळी आणि तिला जोडलेले मेदाम्लाचे शेपूट अशा घडणीचा एक संकेतरेणू तयार करतात. त्याची अत्यल्प मात्राही मुळाला पुरते.

मुळाचा प्रत्येक भाग या संकेताला सारखा प्रतिसाद देत नाही. वाढत्या टोकाच्या किंचित मागे नुकतेच फुटणारे कोवळे मूलरोमच त्याला प्रतिसाद देतात. जून झालेले रोम निरुपयोगी ठरतात. संकेत मिळताच मूलरोम छत्रीच्या मुठीसारखा वळतो आणि जिवाणूंना कवेत घेतो. तेथून एक सूक्ष्म नलिका आत वाढत जाते आणि जिवाणू तिच्यातून, संख्येने वाढत, मुळाच्या गाभ्याकडे सरकतात. त्यापूर्वीच आतील पेशींचे विभाजन सुरू झालेले असते. नलिकेतून बाहेर पडणाऱ्या जिवाणूंना या नव्या पेशी आपल्याच पटलाच्या वेष्टनात सामावून घेतात.

भुईमुगाची रीत निराळी आहे. उपमुळे फुटताना सालीत ज्या भेगा पडतात, त्यांतूनच जिवाणू आत शिरतात. गाठींचा आकारही वनस्पती ठरवते. चवळी, मूग, सोयाबीन यांच्या गाठी गोल असतात व ठरावीक काळाने त्यांची वाढ थांबते; हरभरा, वाटाणा यांच्या गाठी टोकाशी वाढत राहिल्याने लांबट किंवा फाटे फुटलेल्या दिसतात.

गाठीच्या आत

नत्राचा रेणू तोडून त्याचा अमोनिया करण्याचे काम नायट्रोजिनेज हे विकर करते. कारखान्यात याच कामासाठी ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि प्रचंड दाब लागतो. जिवाणू ते मातीच्या साध्या तापमानाला करतो. मात्र ते फुकट होत नाही. नत्राच्या एका रेणूमागे ऊर्जावाहक एटीपीचे किमान १६ रेणू खर्ची पडतात. ही ऊर्जा पानांनी उन्हात तयार केलेल्या शर्करेतूनच येते.

येथे एक पेच उभा राहतो. ऊर्जा मिळविण्यासाठी जिवाणूला प्राणवायू हवा. पण नायट्रोजिनेज प्राणवायूच्या संपर्काने निकामी होते. वनस्पतीने हा पेच लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाने सोडविला आहे. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे हे भावंड प्राणवायू धरून ठेवते आणि जिवाणूंना मोजूनमापून पुरविते. कार्यरत गाठ कापल्यावर आतून गुलाबी-लाल दिसते ती याच प्रथिनामुळे.

नियंत्रण वनस्पतीच्या हाती

गाठी पोसणे खर्चिक असल्याने रोप त्यांची संख्या काटेकोर ठेवते. पहिल्या गाठी तयार होऊ लागताच मुळाकडून पानांना संदेश जातो आणि पानांकडून नव्या गाठी थांबविण्याचा उलट संदेश येतो. ही यंत्रणा बिघडलेल्या सोयाबीनच्या वाणांत गाठींचे घोस लागतात, पण मुळे व रोप खुरटतात. गाठी जितक्या जास्त तितके चांगले, असे नाही.

आळशी भागीदारालाही रोप सोसत नाही. सोयाबीनच्या काही गाठींभोवतालच्या हवेतून नत्र काढून घेतले असता रोपाने त्या गाठींचा प्राणवायू कमी केला आणि तेथील जिवाणूंची वाढ मंदावली, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले.

याच न्यायाने, मातीत आयते नत्र भरपूर मिळाले तर रोप हा करार करतच नाही. कडधान्याला युरियाचा मोठा हप्ता देणे म्हणजे विकतचे नत्र घालून फुकटच्या भागीदाराला दारातून परत पाठविणे होय. उगवणीनंतर गाठी कामाला लागेपर्यंतचे दोन-तीन आठवडे निभावून नेण्यापुरते अल्प नत्र मात्र उपयोगी पडते.

कोणाचे कोणाशी जुळते?

प्रत्येक कडधान्याचा संकेत वेगळा असल्याने भागीदारही वेगळा असतो. चवळी, मूग, उडीद, तूर यांचे अनेक जिवाणूंशी जुळते आणि ते आपल्या जमिनींत सहसा आढळतात. हरभऱ्याचा जिवाणू निराळा, मेथीचा निराळा. सोयाबीनही चोखंदळ आहे. ज्या शेतात ते पूर्वी कधी घेतलेले नाही, तेथे योग्य जिवाणू बाहेरूनच द्यावा लागतो. घेवड्याला गाठी येतात, पण त्यांचे नत्र त्याला पुरत नाही. चिंच, बहावा आणि गुलमोहोर ही झाडे शेंगा धरणाऱ्या कुळातील असूनही त्यांच्या मुळांवर गाठी येत नाहीत.

तांबड्या जमिनीतील अडचण

गोवा व कोकणातील जांभ्या जमिनी आम्लधर्मी आहेत. आम्लतेमुळे जिवाणूंची संख्या आणि मूलरोमांची वाढ या दोहोंना मर्यादा पडते. लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला बांधून ठेवतात, तर नायट्रोजिनेजचा घटक असलेले मॉलिब्डेनम पिकाला कमी मिळते. भाताचे पाणी महिनोन्‌महिने साचल्यावर, हवेवर जगणाऱ्या या जिवाणूंची संख्या घटू शकते. म्हणून अशा शेतात माती-परीक्षणानुसार चुना व स्फुरद देणे आणि बियाण्याला जिवाणू संवर्धन चोळणे फायद्याचे ठरते.

सामान्यतः १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम संवर्धन गुळाच्या थंड पाण्यातून लावतात, बियाणे सावलीत सुकवितात आणि लगेच पेरतात. पाकिटावर त्याच पिकाचे नाव आणि वापराची मुदत पाहणे आवश्यक आहे, कारण उन्हात ठेवलेल्या किंवा मुदत उलटलेल्या पाकिटात जिवंत जिवाणू फारसे उरत नाहीत. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी, जिवाणू शेवटी.

शेतातली तपासणी

फुलोऱ्याच्या सुमारास चार-पाच रोपे खणून काढावीत. उपटू नयेत, कारण गाठी तुटून मातीतच राहतात. मुळे धुऊन गाठ नखाने चिरावी. आतून गुलाबी असेल तर काम चालू आहे. पांढरी असेल तर ती अजून कोवळी किंवा निष्क्रिय आहे. हिरवट-तपकिरी असेल तर तिचे आयुष्य संपत आले आहे. सूत्रकृमींमुळे येणारी सूज ओळखणेही सोपे आहे : ती मुळाच्याच जाडीत असते व सुटी होत नाही, तर जिवाणूंची गाठ मुळाच्या कडेला असते आणि बोटाने सहज निखळते.

जमिनीला काय उरते?

हाच मूळ प्रश्न. शेंगा भरू लागल्या की गाठी थकतात आणि रोपातील नत्र दाण्यांकडे जाते. १०० किलो चवळीत प्रथिने सुमारे २४ किलो असतात. प्रथिनांचा सुमारे १६ टक्के भाग नत्राचा धरला, तर प्रत्येक क्विंटलबरोबर पावणेचार किलोंहून थोडे अधिक नत्र शेताबाहेर जाते. वेलही मुळासकट उपटून गोठ्यात नेले, तर जमिनीच्या वाट्याला फार थोडे उरते आणि कधी तूटही येते. शेंगा तोडून मुळे, पाने व वेल मातीत गाडले, तर ते कुजून पुढच्या भाताला नत्र मिळते. हवेतले नत्र पिकापर्यंत आणण्याचे काम जिवाणू चोख करतो. त्यातले किती शेतात राहू द्यायचे, हे शेतकऱ्याच्या विळ्यावर ठरते.