कंपवात: पेशीच्या आत पोहोचलेला शोध

कंपवाताचे आधुनिक वैद्यकातले पहिले नेटके वर्णन लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली केले. त्यांच्या पुस्तिकेत रुग्ण सहाच, आणि त्यांतले काही तर त्यांनी रस्त्यात पाहिलेले. १९१२ मध्ये फ्रेडरिक लेवी यांना अशा रुग्णांच्या मेंदूपेशींत गोलसर गोळे आढळले. १९१९ मध्ये त्रेत्याकोफ यांनी मध्यमेंदूतला काळसर पट्टा झिजलेला असल्याचे दाखवले. या पट्ट्यातल्या पेशी डोपामिन बनवतात, आणि रुग्णांत नेमके तेच कमी पडते, हे १९६० मध्ये व्हिएन्नात सिद्ध झाले. उपाय ठरलेले लेव्होडोपा भारतीय संशोधकांनी १९३७ मध्येच खाजकुइलीच्या बियांतून वेगळे काढले होते.

औषधाने हालचाल सुधारली, पण पेशी मरतच राहिल्या. त्या का मरतात, याचा धागा १९८२ साली कॅलिफोर्नियात अनपेक्षितपणे हाती लागला. तिथल्या रुग्णालयात एक माणूस ताठरलेल्या अवस्थेत आला. त्याला बोलता येईना, हलता येईना. हातात पेन्सिल दिल्यावर मात्र तो हळूहळू लिहून उत्तरे देऊ लागला. मेंदूविकारतज्ज्ञ विल्यम लँगस्टन यांना त्याच्यासारखे आणखी काहीजण सापडले, त्यांतले बरेचसे ऐन तरुण. सर्वांनी चोरून बनवलेले नकली हेरॉइन टोचून घेतले होते. त्यात एमपीटीपी नावाचे द्रव्य मिसळले गेले होते. मेंदूत त्याचे विष होते, ते डोपामिनपेशींत शिरते आणि तंतुकणिकांमधली ऊर्जानिर्मितीची पहिली पायरीच रोखते. या पेशींचे तंतू अफाट फांद्यांनी पसरलेले असल्यामुळे त्यांना ऊर्जा सतत लागते. तुटवडा त्यांनाच आधी भोवतो. एका भेसळीने इतक्या जणांचे आयुष्य जखडले, हे या शोधाचे दुःखद मोल आहे. १९८९ मध्ये साध्या कंपवाताच्या रुग्णांतही हीच पायरी दुबळी आढळली.

१९९७ मध्ये लेवींच्या गोळ्यांत अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन सापडले आणि लक्ष पेशीतल्या कचऱ्याकडे वळले. तरुणपणीच होणाऱ्या आनुवंशिक कंपवातात पार्किन आणि पिंक-१ ही जनुके बिघडलेली असतात. नादुरुस्त तंतुकणिका हेरून त्या मोडीत काढायला लावणे हेच त्यांचे काम, असे २००८ पासूनच्या प्रयोगांतून उलगडले. म्हणजे ऊर्जा आणि सफाई हे दोन वेगळे प्रश्न उरले नाहीत.

सर्वांत ठळक पुरावा मात्र एका दुर्मिळ आजाराने दिला. गोशे आजारात लयकारिकांमधले, म्हणजे पेशीतला कचरा पचवणाऱ्या पिशव्यांमधले, स्निग्ध पदार्थ मोडणारे एक विकर निकामी असते. त्या रुग्णांत आणि त्यांच्या नातेवाइकांत कंपवात वारंवार दिसतो, हे त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या ध्यानात आले; २००९ च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने ते पक्के केले. सदोष जनुकाची एकच प्रत असली तरी धोका वाढतो. लयकारिका मंदावल्या की सिन्युक्लिन साचते, आणि साचलेले सिन्युक्लिन लयकारिकांना आणखी मंद करते. खोकल्याच्या औषधातले अँब्रॉक्सॉल या विकराला बळ देते. म्हणून कंपवाताच्या रुग्णांवर त्याच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत.