तसबीर मढविणाऱ्याचे दुकान

इतिहास म्हटला म्हणजे आपण किल्ले, तह आणि लढाया यांच्याकडे वळतो. मला आज एका लहानशा दुकानाविषयी बोलावयाचे आहे. धंतोलीत डॉक्टर आणि वकील पुष्कळ. त्यांच्या पदव्या काचेआड भिंतीवर टांगलेल्या आपण नेहमी पाहतो. पदवी कोणत्या विद्यापीठाची हे आपण वाचतो. ती मढविली कोणी, हे मात्र कोणी विचारीत नाही. आणि माझे म्हणणे तर असे आहे की, आपल्या लोकांनी कोणाला मोठे मानले याची पहिली नोंद सरकारदरबारी झालेली नाही. ती या मढविणाऱ्याच्या दुकानात झाली आहे.

‘तसबीर’ हा शब्द अरबी ‘तस्वीर’वरून आपल्याकडे आला. पण मराठी माणूस तसबीर म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काच आणि चौकट लावलेले, खिळ्यावर टांगलेले चित्रच येते. पूर्वी ही गोष्ट गरिबाघरची नव्हती. पेशवाईतील वाड्यांत चित्रे भिंतीवरच रंगवीत. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यात ती आहेत. साध्या घरात देव्हाऱ्यातला टाक आणि सणावाराला भिंतीवर हाताने काढलेली चित्रे, एवढेच.

छापखान्याने हे बदलले. 1878 साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी चित्रशाळा काढली. 1894 साली मुंबईत राजा रविवर्मा यांचा छापखाना सुरू झाला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगासाठी निराळा दगड, आणि एका कागदावर एकामागून एक छाप. मूळ तैलचित्र संस्थानिकाच्या दिवाणखान्यात असे. छापील लक्ष्मी-सरस्वती कारकुनाच्या आणि पुढे गिरणीकामगाराच्या खोलीत आली. घरोघरच्या बायकांनी या देवींना जरीची पातळे नेसविली, टिकल्या-मणी चिकटविले. या कामाला कलेच्या इतिहासात फारसे कोणी स्थान देत नाही. माझ्या मते द्यावयास हवे.

आता कागद म्हटला की कसर आली, वाळवी आली, चुलीचा धूर आला. काच हवीच. नागपूरला रेल्वे 1867 साली पोचली आणि एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली. एकीने माल आणला, दुसरीने रोख पगार घेणारी माणसे आणली. मढविणाऱ्याचा धंदा अशाच शहरात उभा राहतो.

हे काम दिसते सोपे. सागवानी पट्टीची चार तुकड्यांत कापणी करावयाची. प्रत्येक टोक पंचेचाळीस अंशांत. पहिल्या तीन कोपऱ्यांत केसाएवढी चूक झाली तर ती चौथ्या कोपऱ्यात फट होऊन उघडी पडते. काचेवर हिरकणी एकाच ओढीत फिरवावी लागते. हात मध्ये थांबला की काच वेडीवाकडी तडकते. मग सरस, चुका, पाठीमागे पुठ्ठा आणि वर खळीने चिकटविलेला कागद. खळीत मोरचूद घातला म्हणजे किडा लागत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून सांधे उघडतात आणि पावसाळ्यात ओल धरून फोटो काचेला चिकटतो. म्हणून जाणता कारागीर चित्र आणि काच यांच्यामध्ये जाड कागदाची कोर ठेवतो. लोकांना ती शोभेची वाटते. खरे तर ती त्या फोटोचे आयुष्य आहे.

देवादिकांच्या शेजारी माणसे कधी आली? 1908 साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणीकामगारांनी वर्षाला एक असा सहा दिवस संप केला. टिळकांची तसबीर त्यापुढे घराघरांत गेली. गांधीजींची आली. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात टिळकांचे चित्र लागले ते 1956 साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर 36 वर्षांनी.

त्याच 1956 साली, 14 ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, इथून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भदन्त चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि मग लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. जुन्या देवांना मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, या त्यांतल्या पहिल्या प्रतिज्ञा. प्रतिज्ञा तोंडाने घेतली तरी ती पाळावयाची घरात, आणि घरात तर भिंतीवर तसबिरी. त्या उतरल्या. पुढे दोनच महिने झाले नाहीत तोच, 6 डिसेंबरला, बाबासाहेब गेले. बुद्ध आणि बाबासाहेब अशा दोन तसबिरी शेजारी शेजारी लागल्या त्या या दिवसांपासून. मढविण्याच्या विद्येत एक गुण आहे : चौकट मागून उघडते. चुका काढल्या, पुठ्ठा सरकवला, की त्याच लाकडात आणि त्याच काचेमागे दुसरे चित्र बसते. धर्मांतराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी भाषणे जपली, ते योग्यच केले. पण नागपुरातल्या वस्त्यांतल्या या चौकटीही जपावयास हव्या होत्या.

संसदेच्या त्याच सभागृहात बाबासाहेबांचे चित्र लागले एप्रिल 1990 मध्ये. तेहतीस वर्षांहून अधिक काळ! ज्या झोपडीत भिंत धड नव्हती तिथे ते आधीच लागलेले होते, आणि काचेचे पैसे त्या घरातल्या माणसाने आपल्या मजुरीतून दिले होते.

संघटनेच्या कामात मी मढविणाऱ्याच्या दुकानी अनेकदा गेलो ते निराळ्याच निमित्ताने. कामगार वारला की तेराव्याच्या आत तसबीर हवी असते. पुष्कळांचा आयुष्यातला एकच फोटो असे, गिरणीच्या पासावरचा. तोच मोठा करावयाचा, कोपऱ्यावरचा शिक्का पुसावयाचा, कधी अंगात कोट रंगवावयाचा. दाराशी पहारेकऱ्याला दाखविण्यासाठी काढलेला तो चेहरा मग चंदनाच्या हारात बसे. एम्प्रेस मिल 2002 साली बंद पडली, पण पासावरून मोठे केलेले असे चेहरे अजून घरांत आहेत.

आणि ते मढविणारा? मध्यप्रांत-वऱ्हाडात दुकान-कामगारांचा कायदा 1947 साली झाला; कामाचे तास आणि सुट्टी ही त्याची देणगी. महाराष्ट्राने 2017 साली नवा कायदा केला आणि दहापेक्षा कमी कामगारांची दुकाने बहुतेक तरतुदींतून वगळली. मढविण्याच्या दुकानात माणसे असतात दोन, फार तर तीन. बोटांना काचेचे चरे, छातीत लाकडाचा भुसा. आता तयार पट्ट्या आल्या, कापण्याची यंत्रे आली, आणि पुष्कळसे फोटो तर टेलिफोनमध्येच राहतात. तरी दहाव्या-बाराव्या दिवशी माणसे दुकानाच्या पायरीवर येतात, खिशातून तो फोन काढतात आणि विचारतात, ‘परवापर्यंत होईल का?’