पाण्याची चूक

मुंबईत जून लागला की आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना खिडकीबाहेर बघायची खोड लागते. काचपट्टीवर टाकलेला पेशींचा थेंब किती वेगात वाळतो, यावर गुणसूत्रं नीट पसरणार की नाही ते ठरतं. दमट हवेत तो वाळता वाळत नाही आणि गुणसूत्रं भलतीकडे पांगतात. रक्ताच्या कर्करोगाचं निदान आणि मोसमी वारे यांचा संबंध मला नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात कळला.

आमचा धंदाच पाण्यावर उभा आहे, तोही चुकलेल्या. १९५२ पर्यंत माणसाची गुणसूत्रं म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालचं गुंतवळ होतं. टेक्सासमध्ये टी. सी. स्यू यांना एक दिवस ती सुटी-सुटी दिसली, आणि पुन्हा काही केल्या दिसेनात. महिन्यांनी उलगडा झाला: पेशी धुण्याच्या द्रावणात कुणाच्या तरी हातून मीठ कमी पडलं होतं, म्हणून पेशी पाणी पिऊन फुगल्या होत्या. ते द्रावण कुणी बनवलं, हे तोवर शोधणं अशक्य झालं होतं. गंमत म्हणजे, एवढं लख्ख दिसूनही स्यूंनी पुस्तकातला जुना आकडाच मानला, ४८. खरे ४६ मोजले त्यो आणि लेवान यांनी, १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या कामात.

पुढे फिलाडेल्फियात पीटर नोवेल यांनी ल्युकेमियाच्या पेशी साध्या नळाच्या पाण्याने धुतल्या. डेव्हिड हंगरफर्ड यांच्याबरोबर त्यांना त्यात एक खुरटं गुणसूत्र सापडलं. ते वर्ष १९६०. त्याचा हरवलेला तुकडा गेला कुठे, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं: बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा नवव्यावर; नवव्याचाही बाविसाव्यावर येतो, हे पुढे सिद्ध झालं. घरी जेवणाच्या टेबलावर राउली फोटोतली गुणसूत्रं कात्रीने कापून जोड्या लावत. आई कागदी बाहुल्या खेळते, असं मुलं चिडवत. मीही सुरुवातीला अशीच कात्री चालवली आहे. पंख्याखाली बसले तर विसावं नि एकविसावं उडालंच म्हणून समजा.

त्याच अदलाबदलीतून बनणाऱ्या प्रथिनावर नेम धरून बनवलेलं इमॅटिनिब हे औषध २००१ मध्ये आलं.

आता पलीकडच्या वातानुकूलित खोलीत सिक्वेन्सिंगचं यंत्र आहे. त्याला पावसाशी देणंघेणं नाही. आमच्या टेबलावर मात्र मिठाच्या त्या चुकीची आता रीतसर कृती झाली आहे: पोटॅशियम क्लोराइड, ०.०७५ मोलर, ३७ अंश. परवा नव्या मुलीने बाटलीवर चिठ्ठी चिकटवली: द्रावण, तारीख, आणि बनवणाऱ्याचं नाव.