पोपट पढवला, पण भरवला कुणी?

पोपटाशी आपलं नातं फार जुनं आहे, पण त्याची नोंद एकांगी झाली. वात्स्यायनाने कामसूत्रात चौसष्ट कला मोजल्या. त्यांत पोपट-मैनेला बोलायला शिकवणं ही एक स्वतंत्र कला. मराठीने तर 'पोपटपंची' असा शब्दच करून ठेवला. थोडक्यात, पोपट काय बोलतो याकडे सगळ्यांचं लक्ष. पण बोलण्याआधी तो जगायला हवा ना? पिल्लू चोच मिटून बसलं तर काय करायचं, याबद्दल आपले ग्रंथ जवळजवळ गप्प आहेत.

अपवाद बाणभट्टाचा. सातव्या शतकातली त्याची 'कादंबरी', जिच्यावरून मराठीने एका अख्ख्या साहित्यप्रकाराला नाव दिलं, तिची बरीचशी कथा एक पोपट सांगतो. विंध्यारण्यात सावरीच्या झाडावर एक म्हातारा शबर चढतो, ढोलीढोलीतून पिल्लं ओढून मारतो आणि खाली टाकतो. बापाच्या पंखाखाली दडलेलं एक पिल्लू पाचोळ्यावर पडून वाचतं. अजून धड उडता येत नाही, दुपारचं ऊन, घसा कोरडा. तिथे हारीत नावाचा मुनिकुमार येतो. पिल्लाला तळ्याकाठी नेतो, तोंड वर करून बोटाने पाण्याचे काही थेंब पाजतो आणि कमळाच्या पानाच्या सावलीत ठेवतो. घास लगेच कोंबत नाही! आजचा पक्ष्यांचा डॉक्टर थेंब सोडण्याला हरकत घेईल, कारण पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. पण आधी ऊन-थंडी सांभाळा, मग पाणी आणि अन्न शेवटी, हा क्रम तोही मान्य करील.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. शके 1212, म्हणजे 1290 साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली. सहाव्या अध्यायात पोपट धरण्याची नळी येते. पोपट बसला की त्याच्या भाराने नळी उलटी फिरते. तो मान पिळतो, छाती आवळतो, मोकळे पाय आणखी गुंतवतो आणि आपण बांधले गेलो असं समजतो. वेदान्त बाजूला ठेवून बघा: हे तपशील पारध्याचं काम पाहिलेल्या समाजाचे आहेत. पोपट धरणं ही ऐकणाऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट होती, म्हणून तर दृष्टान्त चालला.

धरलेल्या पोपटाला तेव्हा काय घालत असतील? मिरची आणि पेरू तर नक्कीच नाही. ही दोन्ही झाडं अमेरिकेतली, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आलेली. पिंजऱ्यातल्या मिठूचा 'पारंपरिक' आहार ज्ञानेश्वरांनंतर निदान दोनशे वर्षांनी सुरू झाला, बरं का!

नगरकडे वळवाच्या वाऱ्यात वड-लिंबाच्या फांद्या मोडतात, ढोली फुटते आणि पिल्लं खाली येतात. लोक दयेने घरी नेतात आणि दूध-पाव पुढे करतात. पिल्लू खात नाही. मग 'हट्टी आहे' म्हणून चोच उघडून भरवतात. यात हट्ट कुठे आला? आई-बाप स्वतःच्या गळ्यातून काढलेलं ऊबदार अन्न भरवतात. हाताने वाढवणारे जाणकार म्हणूनच भरड सुमारे 40 अंश सेल्सिअसला देतात. गार अन्न गळ्याखालच्या पिशवीत साचून आंबतं, जास्त गरम असेल तर पिशवी भाजते. पिशवी भरलेली असेल किंवा पिल्लूच गारठलं असेल, तरी चोच उघडत नाही. दुधातली साखर पक्ष्यांना पचत नाही. जबरदस्तीने घातलेला घास श्वासनलिकेत गेला तर सगळं तिथेच संपतं. आणि सहा-सात आठवड्यांचं, पंख फुटलेलं पिल्लू भरवून घ्यायला नकार देतं, तेव्हा बहुधा ते आजारी नसून उडायच्या बेतात असतं. अशा वेळी आग्रह करणं म्हणजे त्याची वाढ अडवणं.

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर चित्र बदललं. देशी पोपट धरणं, विकणं, घरी पाळणं आता गुन्हा आहे. तरीही पिंजरे दिसतात. सापडलेलं पिल्लू उबेला, अंधाऱ्या खोक्यात ठेवून वनविभागाच्या 1926 क्रमांकावर कळवावं. तिथून ते पक्ष्यांचा डॉक्टर असलेल्या केंद्रात जाऊ शकतं. उशीर झाला तर दुसरी अडचण उभी राहते. माणसाच्या हातून वाढलेला पोपट माणसालाच थवा समजू लागतो आणि दार उघडं ठेवलं तरी पिंजऱ्यात परत येऊन बसतो. नेवाशाच्या त्या नळीवरचा पोपट निदान रानात वाढलेला होता.