करमरकर, विनायक पांडुरंग

(1891–1967). शिल्पकार, तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील अलिबागनजीकच्या सासवणे गावचे. गावच्या राममंदिराच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांच्याच साहाय्याने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांचा प्रवेश झाला. पुढे कलकत्त्यास स्वतंत्र व्यवसाय. लंडनच्या रॉयल अकादमीत अध्ययन.

अश्वारूढ शिवस्मारक, पुणे : कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी संकल्पिलेल्या या स्मारकाची कोनशिला 19 नोव्हेंबर 1921 रोजी प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते भांबुर्डे येथे बसली, परंतु पुढच्याच वर्षी महाराज निवर्तले आणि पुतळ्याचे काम काही काळ रेंगाळले. ते प्रथम गणपतराव म्हात्रे यांजकडे होते असे सांगतात. हस्तांतराच्या कारणांविषयी एकवाक्यता नाही. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत ते करमरकरांकडे आले, तेव्हा मुदत अल्प होती. सुमारे साडेतेरा फूट उंचीचा हा पुतळा तुकड्यातुकड्यांनी ओतून मागाहून सांधणे सोयीचे झाले असते. तथापि तो एकसंध ओतण्याचा हट्ट त्यांनी धरला. अशा ओतकामात वितळलेल्या ब्राँझचा ओघ क्षणभर खंडला तरी अंगावर सांधा उमटतो, आणि साच्यातील हवेला वाट न मिळाली तर पोकळी राहून महिन्यांचे श्रम भट्टीतच संपतात. मुंबईच्या माझगाव गोदीत हे ओतकाम पार पडले. आगगाडीने पुण्यास नेताना घाटातील बोगद्यांमुळे खास तजवीज करावी लागली. 16 जून 1928 रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी अनावरण केले. भांबुर्ड्यास पुढे शिवाजीनगर हे नाव मिळाले.

गोमंतकातून या विषयाकडे पाहणाऱ्यास डिचोली महालातील नार्वे आठवल्यावाचून राहत नाही. दिवाडी बेटावरून उठलेल्या सप्तकोटीश्वराचे तेथील देवालय शिवराजाच्या आज्ञेने आरंभिले गेले, असे द्वारावरील शके 1590 चा संस्कृत लेख सांगतो. लेखातील तिथी सामान्यतः 13 नोव्हेंबर 1668 धरली जाते. जाणत्याने येथे थांबून वाचावे असा शब्द म्हणजे ‘प्रारंभः’, कारण समाप्तीचा उल्लेख त्या लेखात नाही. चिरे घडविणाऱ्या पाथरवटांचा आणि घुमट उभारणाऱ्या गवंड्यांचाही नाही. पुण्याच्या पुतळ्याची कोनशिला आणि अनावरण दोन्ही दप्तरी दाखल आहेत, आणि त्याचा कारागीरही नावानिशी ठाऊक आहे. प्रस्तुत लेखकास हा भेद पुतळ्याच्या उंचीहून मोठा वाटतो. देवालयाचा जीर्णोद्धार गोवा शासनाने केला. लोकार्पण फेब्रुवारी 2023.

इतर शिल्पे : व्यक्तिशिल्पे पुष्कळ.

सन्मान : पद्मश्री. सासवणे येथील राहत्या घरी शिल्पसंग्रहालय आहे. त्यातील म्हैस प्रसिद्ध आहे.