आरमाराचे उसने डोळे

डोलकाठीवर चढलेल्या खलाशाची नजर फार तर क्षितिजापर्यंत पोहोचते. क्षितिजापलीकडे शत्रू कोठे आहे हे ज्याला आधी कळेल, त्याचे पारडे जड. म्हणूनच पहिल्या महायुद्धानंतर प्रत्येक आरमाराला विमानाच्या डोळ्यांची निकड भासू लागली.

१९२२ च्या वॉशिंग्टन तहाने इटलीला ६०,००० टनांपर्यंत विमानवाहू नौका बांधण्याची मुभा दिली होती. इटलीने एकही बांधली नाही. आपला देशच भूमध्य समुद्रात लांबवर शिरलेला. किनाऱ्यावरून उडालेले विमान हवे तेथे पोहोचेल, असा हिशेब मांडला गेला. २८ मार्च १९२३ रोजी तेथे स्वतंत्र हवाई दल स्थापन झाले. युद्धनौकांच्या वाट्याला आली ती केवळ लहान टेहळणी विमाने.

१९२७ साली पियाज्जो कंपनीचे अभियंते जोव्हान्नी पेन्या यांनी अशा विमानाचे दोन नमुने सिद्ध केले. युद्धनौकेवर धावपट्टी नसते. कॅटापल्ट नावाच्या यंत्राने विमान हवेत फेकावयाचे, परतल्यावर त्याने पाण्यावर उतरावयाचे आणि यारीने त्याला वर उचलून घ्यावयाचे, अशी रीत. तेव्हा विमानाचे अंगच होडीसारखे घडवावे की त्याच्या खाली तरंडा बसवावा, हा प्रश्न होता. पेन्या यांनी दोन्ही करून पाहिले. ‘पी. ६ बिस’ ही २६० अश्वशक्तीची चिमुकली उडती नौका होती. ‘पी. ६’ला खाली तरंडा होता आणि सुमारे ४०० अश्वशक्तीचे इंजिन होते. तरंड्याचा नमुना पुढे सरसावला. १९२८ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्तीची १५ विमाने तयार झाली; उडती नौका मात्र नमुन्यापुरतीच उरली.

परंतु आकार कोणताही निवडला तरी मूळ अडचण सुटत नव्हती. विमान उडविणे सोपे, खवळलेल्या समुद्रातून परत घेणे कठीण. पुढील दशकातील ‘रो. ४३’ विमाने तर इतकी नाजूक होती की नौकेवरून उडाल्यावर ती बहुधा किनाऱ्यावरील तळाकडेच जात. म्हणजे डोळा एकदाच उघडावयाचा आणि मिटावयाचा!

२८ मार्च १९४१ रोजी, हवाई दलाच्या अठराव्या वर्धापनदिनीच, मातापान भूशिराजवळ याची किंमत मोजावी लागली. सकाळी ‘व्हित्तोरिओ व्हेनेतो’वरून उडालेल्या ‘रो. ४३’ने ब्रिटिश क्रूझर शोधून काढले. पण ब्रिटिशांकडे ‘फॉर्मिडेबल’ ही विमानवाहू नौका होती. संध्याकाळी विमानातून सोडलेल्या पाणतीराने ‘पोला’ क्रूझर जायबंदी झाले. त्याच्या मदतीस गेलेली ‘झारा’ व ‘फ्यूमे’ रात्रीच्या अंधारात ब्रिटिश तोफांच्या तोंडी सापडली. तीन क्रूझर, दोन विनाशिका आणि सुमारे २,३०० माणसे समुद्राने गिळली.

त्याच वर्षी ‘रोमा’ या प्रवासी जहाजाचे ‘अक्विला’ नामक विमानवाहू नौकेत रूपांतर करण्यास प्रारंभ झाला. १९४३ च्या सप्टेंबरात इटलीने शस्त्रे खाली ठेवली, तोवर ती पुरी झालेली नव्हती. पेन्या यांच्या कसबात उणीव नव्हती. चूक होती ती, एका लहानशा विमानाने विमानवाहू नौकेची उणीव भरून निघेल, या समजुतीची.