थकलेल्या नोकरांची नऊ घरं

बिस्किटाच्या डब्यावर किंवा जुन्या कॅलेंडरवर ते चित्र तुम्ही नक्की पाहिलंय. दगडी भिंती, वर गवताने शाकारलेलं जाड छप्पर, दारावर वेल. इंग्लंडचं खेडं म्हणजे हेच, असं माझ्याही डोक्यात पक्कं बसलं होतं. पण यातली सगळीच घरं शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली नाहीत. काही चक्क आर्किटेक्टच्या कागदावरून उतरलीत.

ब्रिस्टलचं ब्लेझ हॅम्लेट घ्या. आज ते शहरात आलंय, तेव्हा बाहेर होतं. जॉन हारफर्ड या क्वेकर पंथाच्या बँकरने आपल्या इस्टेटीवर म्हातारपणी थकलेल्या नोकरांसाठी १८११ च्या सुमारास ती बांधून घेतली. आर्किटेक्ट कोण, तर जॉन नॅश. पुढे राजासाठी बकिंगहॅम पॅलेसचं काम केलं तोच हा.

हिरवळीभोवती नऊ घरं, आणि एकासारखं दुसरं नाही. ओळीत तर मुळीच नाहीत. भिंती ओबडधोबड दगडाच्या. काहींवर गवत, काहींवर दगडी फरश्या. गवताचं छप्पर उतरतं ठेवावंच लागतं, नाहीतर पाणी मुरून गवत कुजतं. पन्हळ नसते, म्हणून वळचण भिंतीच्या बरीच पुढे येते. इथवर सगळं गरजेचं. पण विटांची ती उंचच उंच, नक्षीदार धुराडी? एवढ्याशा घराला एवढं धुराडं कशाला? धूर साध्या धुराड्यातूनही गेला असता. ते बघणाऱ्यांसाठी आहे. गरिबाचं घरसुद्धा देखणं दिसावं, ही त्या काळच्या बड्या लोकांची हौस.

नुसती हौस म्हणून मात्र हे उडवून लावता येत नाही. इंग्लंडमध्ये सरकारी वृद्धापकाळ पेन्शनचा कायदा झाला १९०८ मध्ये, तोही सत्तरी ओलांडलेल्यांसाठी. त्याआधी हातपाय थकले की मुलांकडे बघायचं, नाहीतर पॅरिशच्या मदतीवर जगायचं, नाहीतर गरिबांसाठीच्या वर्कहाउसमध्ये जायचं. अशा दिवसांत पक्कं दगडी घर मिळणं साधी गोष्ट नव्हती. फक्त ते मालकाच्या मर्जीने मिळायचं. त्याच इस्टेटीवर न राबलेल्या म्हाताऱ्याचं काय, याचं उत्तर त्या नऊ घरांत नाही.

१९४३ पासून ही घरं नॅशनल ट्रस्टकडे आहेत. आत आजही भाडेकरू राहतात, त्यामुळे पाहुण्यांनी हिरवळीवरूनच बघायचं आणि फोटो काढून निघायचं.